तोंडचा आकडा

अणदूरच्या बाजारात नबीलाल तांबोळ्याचं पानांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक बाकडं, त्यावर ओलं गोणपाट आणि गोणपाटाखाली विड्याची पानं. त्या पानांवर त्याचं घर चालायचं. पण गावात त्याचं नाव होतं ते आवाजासाठी. लग्न लिंगायताचं असो, मराठ्याचं असो, नाहीतर मोमिनाचं, आहेर पुकारायला नबीलालच लागायचा. अंगानं किरकोळ, गळ्यात हिरवा रुमाल. पण मांडवाच्या खांबाला एक हात लावून उभा राहिला, की आवाज पार खंडोबाच्या देवळापर्यंत जायचा. कुणी कर्ण्याचं नाव काढलं तर त्याला राग यायचा.

त्याच्या शेजारी वही घेऊन मी बसायचो. शाळेत मास्तर, अक्षर बरं, आणि फुकटच्या कामाला नाही म्हणायची सवय नव्हती. नबीलाल पुकारायचा, "नळदुर्गच्या पाव्हण्यांकडून नवरीला पाच रुपये!" मी लिहायचो आणि मोठ्यानं म्हणायचो, "पोचले!" माझं 'पोचले' झालं की तो आहेर पक्का. मग आहेर करणारा खुशाल जेवायला जायचा.

या पुकारण्यात आमची एक रीत होती. ज्याची परिस्थिती उतरली आहे पण चारचौघांत ज्याचा मान राखायला हवा, अशा माणसाचा आकडा नबीलाल चढवून पुकारायचा. दोन दिले तर पाच, पाच दिले तर अकरा. वहीत मात्र ताटात पडले तेवढेच लिहायचे. आम्ही दोघं त्याला तोंडचा आकडा आणि ताटातला आकडा म्हणायचो. गावाला हे ठाऊक होतं, आणि कुणी कुणाला विचारत नसे. यात काही पाप आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. आज मला वाटतं, आणि हे लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

महालिंगप्पांची ओळख आता करून द्यायला हवी. लिंगायत व्यापारी. निजामाच्या काळात भुईमुगाच्या शेंगांची मोठी आडत, गावाबाहेर गोदाम, दारात छकडा. पुढं भाव पडले, भागीदारानं तोंड फिरवलं आणि चार-पाच वर्षांत सगळं गेलं. उरलं एक लहानसं किराणा दुकान आणि छातीवर लोंबणारी चांदीची करडगी. करडगी म्हणजे लिंगायतांची इष्टलिंग ठेवायची डबी. ती त्यांच्या आजोबांपासूनची होती. बोलता बोलता तिच्यावर हात ठेवायची त्यांना सवय होती.

अठ्ठेचाळीस सालच्या सप्टेंबरात निजाम शरण आला, त्यानंतरचे दिवस आमच्या भागात मुसलमानांच्या घरांना फार वाईट गेले. तेव्हा नबीलालच्या घरची सात माणसं महालिंगप्पांच्या गोदामात, शेंगांच्या पोत्यांमागं, नऊ दिवस होती. तो स्वतः, म्हातारी आई, बायको फातिमाबी आणि चार लेकरं. धाकटी कुलसुम तर अंगावर पिणारी. महालिंगप्पा रोज धोतराच्या सोग्यात भाकरी झाकून स्वतः न्यायचे. पुढं त्याबद्दल कुणी बोललं नाही, ना वाचवणाऱ्यानं, ना वाचलेल्यांनी. एवढंच, की दर सोमवारी महालिंगप्पांच्या पूजेची पानं नबीलालकडून जायची आणि त्याचे पैसे तो घ्यायचा नाही.

महालिंगप्पांची धाकटी बहीण पार्वतम्मा दिली होती सिद्धलिंगला. हा बाजारपेठेच्या गावचा मोठा कापूसवाला. दिली तेव्हा माहेर भरलेलं होतं. माहेर उतरलं तशी सासरी तिची किंमतही उतरली. "तुझ्या भावाकडनं काय आलं?" हे तिला प्रत्येक सणाला ऐकावं लागायचं. ती माहेरी आली की नुसती चुलीपाशी बसून राहायची.

एकोणसाठच्या वैशाखात तिच्या मुलीचं लग्न निघालं. खंडोबाचा नवस होता म्हणून लग्न अणदूरलाच झालं. मांडव असा, की आमची सगळी शाळा त्यात बसली असती. सकाळीच सिद्धलिंगनं मला धोतरजोडी दिली होती. मी ती काखेत घेऊन बसलो होतो. हे मुद्दाम सांगतोय.

पहिला आहेर मामाचा. महालिंगप्पा पुढं आले आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी ताटात ठेवलं. सिद्धलिंगच्या चुलतभावांच्या बैठकीतून कुणीतरी म्हणालं, "मामाचा रुमाल लई जड दिसतुया, दोघं जण लावा उचलायला!" मांडव हसला. पार्वतम्मा मुलीच्या मागं उभी होती. तिनं मान खाली घातली.

नबीलालनं खांबावरचा हात काढला. त्याच्या मानेची शीर फुगलेली मला दिसली. एरवी तो पुकारण्याआधी माझ्याकडं एकदा बघायचा, तेव्हा बघितलंसुद्धा नाही.

"नवरीचे मामा महालिंगप्पा यांच्याकडून भाचीला रोख रुपये पंधरा हजार एक!"

मांडव गप्प झाला. मी रुमाल उकलून बघितला, तर आत एक्कावन्न रुपये. दोनाचे पाच करणं वेगळं आणि हे वेगळं. माझी लेखणी थांबली. तेवढ्यात सिद्धलिंग माझ्या खांद्यावरून वाकला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, पुकारलं त्येच लिवा. आज मेव्हण्याचा मान हाय." मला वाटलं, केवढा मोठ्या मनाचा माणूस! काखेत धोतरजोडी असली की समोरचा माणूस मोठ्या मनाचा दिसतो. मी पंधरा हजार एक लिहिले आणि म्हणालो, "पोचले!"

पार्वतम्मानं मान वर केली. पदरानं डोळे पुसले, आणि नणंदांकडं असं बघितलं की मला अजून ती नजर आठवते. महालिंगप्पा मात्र कुणाकडंच बघत नव्हते. त्यांचा हात करडगीवर होता.

संध्याकाळी नबीलाल म्हणाला, "मास्तर, केलं का न्हाय समद्यास्नी गप?" मी म्हणालो, "केलंत." आणि आम्ही दोघं खूप हसलो.

पावणेदोन वर्षांनी महालिंगप्पा एक रजिस्टर पाकीट घेऊन माझ्याकडं आले. आतला कागद इंग्रजीत. मी दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचायचं धाडस होईना. अठ्ठावन्न सालापासून बक्षीस-कराचा कायदा लागू झाला होता. कुणी कुणाला पैसे नुसते दिले, बदल्यात काही घेतलं नाही, आणि ते वर्षाच्या ठरावीक हद्दीपलीकडं गेले, तर वरच्या रकमेवर कर. तो भरायचा देणाऱ्यानं, घेणाऱ्यानं नाही.

"मंजी द्यायचं आमी, आन् दिलं म्हून दंड बी आमालाच?" महालिंगप्पांनी विचारलं.

"दंड नव्हे, कर," मी म्हणालो. "पण विवरण वेळेवर भरलं नाही म्हणून दंडही मागताहेत."

"आन् लग्नातला आहेर? त्यो बी धरत्यात?"

लग्नातल्या देण्याला थोडी सूट होती. पण ती, जी नातेवाईक बाई देणाऱ्याच्याच अन्नावर जगते तिच्यापुरती. आमच्या नवरीचा बाप कापसाच्या गाठी मोजत होता. सूट कुठली?

हे वर कसं पोचलं, तेही दोन दिवसांत कळलं. सिद्धलिंगनं मुलीच्या नावानं बँकेत पंधरा हजार ठेवले होते. हे पैसे कुठले, असं प्राप्तिकराच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा त्यानं लग्नघरी राहिलेली आहेराची वही शांतपणे पुढं केली. मामानं दिले, हे बघा, मास्तरांचं अक्षर. स्वतःचा चोरटा पैसा त्यानं माझ्या अक्षरानं धुऊन घेतला होता. मांडवात खांद्यावरून वाकला होता तो यासाठी. मी मुलांना शिकवतो की वाचल्याशिवाय सही करू नका. मी तर वाचून, मोजून खोटं लिहिलं होतं.

नबीलालला सांगितलं तेव्हा त्याच्या हातात कात्री होती, पानांचे देठ कापत होता. कात्री खाली ठेवून त्यानं हात पुसले. मग म्हणाला, "चला मास्तर. सायबाफुडं उभं ऱ्हाऊन खरं सांगून टाकू. माझं थोबाड, माझी चूक. जेलात घालायचं तर मला घाला म्हणंन." मला जेल या शब्दानं घाम फुटला. तरी हो म्हणालो, कारण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं एस्टीनं शहराला गेलो. कचेरीबाहेर लिंबाखाली चहाची टपरी होती. तिथं महालिंगप्पांनी आम्हाला थांबवलं.

"नबीलाल, आत काय सांगनार हाईस?"

"ताटात एक्कावन्न हुते, त्येच सांगनार, मालक."

"मग सिद्धलिंग अडकंल."

"अडकू द्या की हरामखोराला!"

"त्यो अडकला तर माझ्या तंगीला काय म्हणंल?" महालिंगप्पा कानडीतला शब्द वापरायचे, तंगी म्हणजे धाकटी बहीण. "म्हणंल, तुझ्या भावानं एक्कावन्न रुपये दिले, त्ये बी समद्या कचेरीत निघाले. दोन वरसं ती त्या घरात ताठ मानंनं वावरतीया. भावानं पंधरा हजार दिले म्हणून तिला आता कुणी टोचून बोलत न्हाय. त्येवढं काढून घिऊ नगंस."

"आन् तुमी?"

"म्या कर भरतो."

"जे दिलंच न्हाय, त्याचा?"

"आता देतोय की," ते म्हणाले आणि चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

साहेब तरुण होता, बोलायला नम्र. त्याच्यावर माझा काडीइतका राग नाही. त्यानं कायद्याप्रमाणे विचारलं. चुकलो होतो आम्ही. महालिंगप्पांना शपथ घ्यायला सांगितली, तेव्हा त्यांनी करडगीवर हात ठेवला. उभ्या आयुष्यात तिच्यावर हात ठेवून ते खोटं बोलले नव्हते. म्हणाले, "व्हय, दिले." पैसे कुठून आणले, विचारल्यावर म्हणाले, "वाडवडलांचं सोनं मोडलं." मग साहेबानं नबीलालला विचारलं, तुम्ही काय पुकारलंत? ज्याचा आवाज देवळापर्यंत जायचा त्याचं उत्तर टेबलापलीकडं ऐकू गेलं नाही. साहेबानं पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "पंधरा हजार एक."

शेवटी माझ्यापुढं वही आली. अक्षर तुमचं? हो. रक्कम तुम्ही पाहिलीत? मला वाटलं होतं, ऐन वेळी मी खरं सांगेन. निदान माझ्यापुरतं तरी. मी म्हणालो, "पोचले होते." तोच शब्द, त्याच आवाजात.

शेकडा चारच्या हिशेबानं, दंड धरून, चारशेच्या वर भरावे लागले. महालिंगप्पांची बायको शांतम्मा हिच्या पाटल्या गेल्या. त्यांनी भागेना. पुढच्या सोमवारी नबीलाल पानं द्यायला गेला, तो तसाच वळून माझ्या शाळेत आला. वर्ग चालू होता. दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, त्यांची करडगी गेली. लिंग फडक्यात बांधलंय गळ्यात." मी मुलांना पाढे म्हणायला लावले आणि बाहेर आलो. नबीलाल भिंतीला टेकून आपल्याच गालफडात चापट्या मारत होता. मी त्याचे हात धरले. धरताना मला वाटत होतं, हे माझ्या गालावर बसायला हवेत.

त्यानंतर नबीलालनं पुकारणं सोडलं. लोक बोलावायला यायचे, तो घसा दाखवायचा. म्हणायचा, बसलाय. त्याचा पुतण्या शब्बीर पुकारू लागला. आवाज बरा होता, पण जेवढं ताटात तेवढंच पुकारायचा. चुलत्यानं तशी शपथ घातली होती.

वर्षभर पानांतून साठवून नबीलालनं साठ रुपये केले आणि महालिंगप्पांपुढं ठेवले. त्यांनी ते परत त्याच्याच रुमालात बांधले. "नगं बाबा. तू मला दिलंस तर उद्या तुला बी नोटीस यील," म्हणून हसले. साठ रुपयांना असला कर लागत नाही हे मला ठाऊक होतं, मी तिथंच बसलो होतो. बोललो नाही. आणि सांगायचंच म्हटलं तर हेही सांगतो, की सिद्धलिंगची धोतरजोडी मी परत केली नाही. विरेपर्यंत नेसलो.

पासष्ट साली कुलसुमचं लग्न ठरलं. गोदामात जी अंगावर पीत होती, ती. दारात छोटा मांडव, सगळ्या जातींची माणसं, लिंगायतांसाठी वेगळी चूल. पार्वतम्मा माहेरी आली होती, तीही आली आणि बायकांत फातिमाबीशेजारी बसली. अंगावर सोनं होतं, आवाजातही आता धार आली होती. आहेर सुरू झाले. शब्बीर पुकारत होता, मी लिहीत होतो.

महालिंगप्पा काठी टेकत आले. खूप वाळले होते. ताटात त्यांनी रुपया रुपया करून अकरा ठेवले. वाकताना गळ्यातलं फडकं सदऱ्याबाहेर आलं. पार्वतम्मानं ते बघितलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्ये काय अण्णा? भाचीला पंधरा हजार देतोस, आन् देवाला चिंधी? इतका कसा रे चिक्कू झालास म्हातारपणी?"

बायका हसल्या. महालिंगप्पाही हसले. फडकं आत सारत म्हणाले, "वजन सोसत न्हाय गं आता."

मी वहीतून डोकं वर काढलं नाही.

"नबीलालभाई," पार्वतम्मा म्हणाली, "माझ्या अण्णाचा आहेर पोरानं न्हाय पुकारायचा. माझ्या लेकीच्या लग्नात तुमी पुकारला हुता, आज बी तुमीच पुकारा."

नबीलाल मुलीच्या बापाच्या जागी बसला होता. अकरा म्हणावं तर बहिणीसमोर भावाची लाज जाणार, चढवून म्हणावं तर पुतण्याला घातलेली शपथ स्वतःच मोडणार. आणि चढवलेल्या आकड्यानं काय होतं ते समोर काठी टेकून उभं होतं. मी ताटाकडं बघत राहिलो. शब्बीर बाजूला झाला.

नबीलाल उठला. खांबाला हात लावला. चार वर्षांत न काढलेला आवाज आधी फाटला, मग लागला.

"महालिंगप्पा यांच्याकडून नबीलाल तांबोळ्याला," तो थांबला. मांडवातली सगळी माणसं त्याच्याकडं बघत होती, पंचक्रोशीतले सगळे, त्यात अठ्ठेचाळीस साली घरांवर चालून गेलेलेही होते. "सन अठ्ठेचाळीस. शेंगांचं गोदाम. माणसं सात!"

फातिमाबीनं पदर तोंडात धरला. कुलसुमनं ओढणीतून मान वर केली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. पार्वतम्मा भावाकडं बघत राहिली. तिलाही ठाऊक नव्हतं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले, तेव्हा ध्यानात आलं की माझं म्हणणं राहिलंय. मी वहीत लिहिलं, महालिंगप्पा, माणसं सात. मग मोठ्यानं म्हणालो, "पोचले!" हा आकडा तोंडचा आणि ताटातला एकच होता. महालिंगप्पांनी नबीलालच्या खांद्यावर हात ठेवला आणि जेवणाच्या पंगतीकडं गेले.

मांडव रिकामा झाल्यावर मी वही बांधत होतो. नबीलाल शेजारी येऊन बसला.

"मास्तर," तो म्हणाला, "ह्योच आहेर म्या त्या लग्नात पुकारला असता तर? पार्वताक्काची मान तेवढीच वर झाली असती. कर बी न्हाय, नोटीस बी न्हाय. करडगी आज त्यांच्या गळ्यात असती."

मी विचारलं, "मग का नाही पुकारलात?"

"भ्या वाटलं," तो म्हणाला. "त्या दिवसांचं नाव मांडवात काढायचं भ्या वाटलं. पैशाचं खोटं सोपं पडलं."

मी वहीची गाठ आवळली. त्यानं मला विचारलं नाही, मास्तर, तुमी का लिवलं? विचारलं असतं तर मला भीतीचंही कारण देता आलं नसतं. मी त्या वेळी नेसलो होतो ते धोतर सिद्धलिंगचंच होतं, पार विरलेलं. घरी गेल्यावर ते सोडून ठेवलं, पण आता ते परत करून उपयोग नव्हता.